रंगाचे पाणी कोणाच्या खात्यावर?



दरवर्षी ५ जूनला पर्यावरण दिन येतो आणि कारखान्यांच्या फाटकाशी मांडव पडतो. खड्डे आदल्या दिवशीच काढून ठेवलेले असतात. साहेब मोटारीतून उतरतात, झारीने चार थेंब पाणी घालतात, फोटो निघतो, चहापाणी होते. सोलापूर जिल्ह्यातल्या पाचवीतल्या पोरालाही ठाऊक आहे, की मृगाच्या आधी इथे रोप लावले तर ते टँकरवर जगवावे लागते. आणि साहेबांची मोटार गेल्यावर टँकर कोणी बोलावत नाही. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप. खड्डा तेवढा कायम!

झाडे लावायला आमची हरकत नाही. पण कारखान्यामुळे पाण्याचे, जमिनीचे, हवेचे जे नुकसान होते ते दिसते फाटकाबाहेर आणि ठरते फाटकाच्या आत. हौदात पाणी किती घेतले, त्यात काय टाकले, बॉयलरखाली काय जाळले आणि उरले ते कुठे सोडले, या चार प्रश्नांत सगळे आले. यांची उत्तरे बदलली नाहीत तर फाटकाबाहेर आमराई उभी केली तरी उपयोग नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. नुकसान कमी करण्याचे उपाय माहीत आहेत, जुने आहेत आणि त्यांतले बरेचसे कारखान्याचाच पैसा वाचवणारे आहेत. तरी ते होत नाहीत, कारण घाण पाणी ओढ्याला सोडणे फुकट पडते. फुकट म्हणजे कोणालाच खर्च येत नाही असे नव्हे. खालच्या अंगाला ज्याची विहीर आहे तो तो खर्च सोसतो. सरकारी अंदाजपत्रकात न दिसणारी ही सबसिडी आहे आणि ती कोरडवाहू शेतकरी कारखानदाराला देतो. शेतकऱ्याला खताच्या गोणीवर चार पैसे मिळाले की शहरातले अर्थतज्ज्ञ बोटे मोडतात. या सबसिडीबद्दल त्यांची वाचा बसते.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यांनी कारखानदारीत नाक कशाला खुपसावे? सोलापूरपुरते उत्तर सोपे आहे. या गावाचे नाव जगात गेले ते चादरीने आणि टॉवेलाने, आणि चादर-टॉवेल निघतो कापसातून. १८७७ साली इथे जुनी गिरणी उभी राहिली, मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या. त्या गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग राहिले. गिरणी नको असे म्हणणारे आम्ही नव्हे. गिरणी नसेल तर कापूस घरात ठेवून काय उशा भरायच्या? कारखाना चालला पाहिजे आणि आमचे रानही पिकले पाहिजे. दोन्ही एकदम होऊ शकते, म्हणूनच हा कागद काळा करतो आहोत.

आता रंगकामाच्या आत डोकावू. सूत किंवा कापड उकळून स्वच्छ करणे, पांढरे करणे, रंगवणे आणि धुणे, या सगळ्याला किलोमागे ५० ते १५० लिटर पाणी लागते. मधला आकडा १०० धरा. अर्ध्या किलोच्या टॉवेलाला ५० लिटर झाले, म्हणजे तीन-चार घागरी. ज्या शहराने वर्षानुवर्षे तीन-तीन, चार-चार दिवसांआड नळ पाहिला, ज्या जिल्ह्यातला शेतकरी २०१३ च्या दुष्काळात उजनीच्या पाण्यासाठी मुंबईला आझाद मैदानावर जाऊन उपोषणाला बसला, तिथे या तीन-चार घागरींचा हिशेब मागायला लाज कसली?

पण पाण्यापेक्षा मोठी गोष्ट मिठाची आहे, आणि ती फारसे कोणी बोलत नाही. सुती धाग्यावर आज बहुतेक ठिकाणी जे पक्के रंग वापरतात ते आपणहून धाग्याला धरत नाहीत. त्यांना धाग्याकडे ढकलायला मीठ लागते आणि मग पक्के बसवायला सोडा. गडद रंग असेल तर हौदातल्या दर लिटरला ५० ते ८० ग्रॅम मीठ. जुन्या पद्धतीच्या उघड्या हौदात एक किलो सुताला २० लिटर पाणी घेतात. लिटरला ५० ग्रॅम धरले तरी २० लिटरला एक किलो मीठ झाले. एक किलो सुताला एक किलो मीठ! रोज एक टन सूत रंगवणारा कारखाना रोज एक टन मीठ वापरतो, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३०० टन.

हे मीठ जाते कुठे? टॉवेल खारट लागतो का? नाही. मीठ कापडात राहत नाही, ते सगळेच्या सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. रंगाचेही तसेच; घातलेल्या रंगातला पाचवा हिस्सा, कधी कधी दोन पंचमांशसुद्धा, धाग्याला न बसता धुऊन जातो. त्यातला रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याच्यावर बोंब होते. मग शुद्धीकरणाची टाकी बांधतात, तिच्यात जिवाणू सोडतात, चुना-तुरटी टाकतात, रंग बराचसा जातो आणि पाणी निवळशंख दिसते. साहेब पेल्यात घेऊन दाखवतात. पण जिवाणू मीठ खात नाहीत आणि तुरटीने मीठ खाली बसत नाही. निवळ पाणी म्हणजे चांगले पाणी नव्हे. खारे पाणीही निवळच असते.

सोलापूरच्या काळ्या रानात हे मीठ काय करते ते नीट समजून घ्या. मालदांडी हस्ताच्या ओलीवर पेरायची आणि पुढे थंडीत पाऊस नसताना जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच ती पोसायची, हा आपला सगळा व्यवहार. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन चालले आहे, आणि त्याचे सार काय, तर पडलेला थेंब रानातच मुरवा. मिठातले आणि सोड्यातले सोडियम नेमके याच्यावर घाव घालते. काळ्या मातीच्या बारीक कणांना ते चिकटले की माती ओली असताना चिखल होऊन तिची छिद्रे बुजतात, वाळली की दगडासारखी ढेकळे होतात. पाऊस वरून वाहून जातो, आत मुरत नाही. जमीन चोपण होते. चोपण जमीन जिप्सम घालून, चर काढून सुधारता येते, पण तिला वाहून न्यायला चांगले पाणी लागते. ते आणायचे कुठून?

यात आणखी एक फसगत आहे. पिकांमध्ये कापूस आणि ज्वारी ही दोन्ही खारट जमिनीत इतरांपेक्षा जास्त तग धरणारी. हरभरा आधी मरतो. म्हणून कापूस-ज्वारीवाल्याला वाटते, आपले बरे चालले आहे. उतारा वर्षाला थोडा थोडा घटतो, आपण पावसाला दोष देतो, बियाण्याला देतो, नशिबाला देतो. विहिरीकडे बोट दाखवावे असे कोणाच्या मनात येत नाही. आले तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता उपाय. पहिला म्हणजे पाणी कमी घेणे. उघड्या हौदात किलोला २० लिटर लागत असतील तर बंद यंत्रात आठ-दहा लिटरमध्ये तेच सूत रंगते. मीठ पाण्याच्या मापाने घालतात, म्हणून पाणी निम्मे झाले की मीठही निम्मे होते आणि तापवायची वाफही निम्मी. एका दगडात तीन पक्षी. थानाच्या रंगकामात थंड रीत आहे: कापड रंग-सोड्यात बुडवून पिळायचे, गुंडाळून रात्रभर फिरत ठेवायचे. तिला मीठ लागतच नाही. सुताला ही रीत चालत नाही हे खरे, आणि सोलापूरची चादर आधी रंगवलेल्या सुताची असते, म्हणून इथे यंत्र बदलण्यावरच भर द्यावा लागेल. कमी मिठात बसणारे रंगही बाजारात आहेत; महाग पडतात, पण धुऊन कमी जातात.

धुण्याचे पाणी उलटे फिरवता येते. शेवटच्या धुण्याचे पाणी जवळजवळ स्वच्छच असते, ते पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरायचे. आपल्या आया-बहिणी उन्हाळ्यात हेच करतात. भांडी विसळलेल्या पाण्यात जनावराचे आंबोण कालवतात. त्यासाठी त्यांनी परदेशी सल्लागार नेमलेला नाही.

बॉयलरचेही असेच. वाफ काम करून निवली की तिचे गरम आणि शुद्ध पाणी होते. कितीतरी ठिकाणी ते गटारात सोडतात आणि बॉयलरला पुन्हा थंड पाणी पाजतात. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंशांनी जास्त गरम असले तर जळणात साधारण एक टक्का वाचतो, हा बॉयलरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. निवलेले पाणी परत आणले, वाफेच्या उघड्या पाइपांना आवरण गुंडाळले, गळके झडप बदलले, की लाकूड-कोळसा कमी जळतो आणि धूर कमी होतो. छपरावर सौर पत्रे टाकायला तर सोलापूरच्या उन्हाएवढे भांडवल कोणाकडे नाही. पण हे सगळे करायच्या आधी प्रत्येक यंत्रावर पाण्याचे मीटर बसले पाहिजे. फाटकाशी एकच मीटर असेल तर कोणता हौद किती पितो ते मालकालाही कळत नाही.

एवढे करून जे खारे पाणी उरेल ते गाळून, आटवून मीठ वेगळे काढावे लागते. हा खर्चाचा भाग आहे. आटवायला पुन्हा कोळसा जळतो, म्हणूनच आधी पाणी आणि मीठ कमी करा, मग उरलेले आटवा, हा क्रम सोडून चालत नाही. सुरुवातीलाच मोठे यंत्र आणून बसवणारे पुढे विजेच्या बिलाला घाबरून रात्री ते बंद ठेवतात.

"परवडत नाही" हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. लहान डाइंगवाल्याला एकट्याला खरोखरच परवडणार नाही, हे मान्य. मग त्यांनी एकत्र येऊन सामायिक केंद्र चालवावे. तमिळनाडूत तिरुप्पूरला काय झाले ते पाहा. बनियन-टीशर्टचे ते गाव. रंगाचे पाणी नोय्यल नदीत जात राहिले. खाली ओरथुपालयमला शेतीसाठी म्हणून धरण बांधले होते. त्यात रंग आणि मीठ साठले आणि शेवटी शेतकरीच म्हणू लागले की धरणाचे पाणी सोडू नका. स्वतःसाठी बांधलेल्या धरणाचे पाणी नको म्हणायची वेळ शेतकऱ्यावर आली! नोय्यलच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची संघटना कोर्टात गेली. डिसेंबर २००६ मध्ये मद्रास हायकोर्टाने कारखान्यांना कडक अटी घातल्या, ऑक्टोबर २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या उचलून धरल्या, तरी चालढकल होत राहिली. २८ जानेवारी २०११ ला हायकोर्टाने सातशेवर रंगकारखाने एका हुकुमाने बंद केले.

मजुरांचे त्यात हाल झाले, हे लपवायचे कारण नाही. वेळेवर शहाणपण सुचले असते तर ती वेळ आली नसती. पण पुढे काय झाले? धंदा बुडाला का? सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, सामायिक केंद्रे नीट झाली, आणि आज तिथे रंगाचे नव्वद टक्क्यांवर पाणी पुन्हा हौदात जाते आणि मीठही परत वापरले जाते. जे अशक्य म्हणून दहा वर्षे सांगितले, ते कुलूप लागल्यावर शक्य झाले. सोलापूरचा पसारा तिरुप्पूरपेक्षा लहान आहे. लहान आहे तोवरच काम सोपे आहे.

आणि परवडण्याचीच भाषा असेल तर ऑगस्ट २०२५ आठवा. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ झाले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबर २०२५ अखेर मुदत वाढली. कापूस स्वस्त हवा म्हणून कापडधंद्याचे शिष्टमंडळ दिल्लीला जाऊ शकते, तर पाणी गाळायला कर्ज हवे म्हणूनही जाऊ शकते. गाडीचे भाडे तेवढेच लागेल.

परदेशी खरेदीदारांना तर पर्यावरणाचा फारच पुळका. टॉवेलाला चिठ्ठी हवी: सेंद्रिय कापूस, टिकाऊ कापूस. त्यासाठी वही शेतकऱ्याने लिहायची. फवारणी किती, युरिया किती. त्या वहीचा भाव शेतकऱ्यापर्यंत येता येता वाटेत आटतो. सेंद्रिय कापडाचे जागतिक प्रमाणपत्र चालवणाऱ्या गॉट्स या संस्थेनेच २०२० च्या ऑक्टोबरात जाहीर केले, की भारतात २० हजार टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय ठरवला गेला होता. कागद शेतकऱ्याने थोडेच छापले! आम्ही वही लिहायला तयार आहोत. पण मग हौदाचीही वही उघडी करा. मिठाच्या पावत्या दाखवा.

मिठाच्या पावत्यांवर आमचा जोर आहे त्याला कारण आहे. सांडपाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे २१०० मिलिग्रॅमच्या आत हवेत असा सरकारी दंडक आहे. किलो सुताला एक किलो मीठ आणि १०० लिटर पाणी, हा वरचाच हिशेब मांडला तर लिटरमागे १० हजार मिलिग्रॅम येतात. आता परीक्षा पास व्हायची सोपी युक्ती कोणती? चांगले पाणी मिसळा! पाच पट पाणी ओतले की नमुना पास. मीठ तेवढेच, वाया गेलेले पाणी पाच पट. ज्याने खरोखर पाणी वाचवले त्याचे उरलेले पाणी मात्र जास्त खारे होऊन तो नापास. म्हणून लिटरचे माप पुरेसे नाही. महिन्याला किती मीठ विकत घेतले आणि किती परत मिळवले, यांतला फरक म्हणजे बाहेर सोडलेले मीठ. हे गणित तोंडी करता येते, बाटलीत पाणी ओतून बदलता येत नाही.

रंगवाल्यांनाच बोलून चालणार नाही. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. ऊस कुठे आणि किती लावावा हे भांडण वेगळे, ते आज नको. पण एक टन उसात सुमारे ७०० लिटर पाणी असते. रोज पाच हजार टन गाळणारा कारखाना उसाबरोबर ३५ लाख लिटर पाणी आत आणतो. रस आटवताना ते वाफ होऊन निघते, निववले की वापरता येते. म्हणजे गाळपाला धरणाचे पाणी जवळजवळ लागू नये. २०१६ च्या नियमाने टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडायला मनाई आहे. मळीपासून अल्कोहोल काढताना दर लिटरला ८ ते १५ लिटर काळे पाणी निघते. ओढ्यात गेले तर मासे मरतात. तेच आटवून बॉयलरमध्ये जाळले तर राखेत पोटॅश मिळते, आणि त्या पोटॅशला २०२१ पासून केंद्राच्या खत अनुदानातही जागा आहे. पोटॅशची गोणी आपण परदेशातून आणतो आणि आपल्याच शेतातून उसाबरोबर गेलेले पोटॅश ओढ्याला लावतो. याला काय म्हणावे?

शहराच्या मैल्याचेही मोल आहे. सुरतेच्या महापालिकेने २०१४ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पांडेसराच्या रंगकारखान्यांना विकायला सुरुवात केली, रोज चार कोटी लिटर क्षमतेचे केंद्र बांधून. २०१६ च्या केंद्राच्या वीजदर धोरणात ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्रांनी असेच पाणी वापरावे असे लिहिले आहे. शहराने वापरलेले पाणी कारखान्याला गेले तर उजनीचे तेवढे पाणी प्यायला आणि रानाला उरते.

कायद्याचा धाक मात्र दिवसेंदिवस पातळ होतो आहे. १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्यात २०२४ साली संसदेने दुरुस्ती केली. अनेक गुन्ह्यांची कैद काढून १० हजार ते १५ लाखांचा दंड ठेवला. राज्ये ठराव करतील तशी ती लागू व्हायची. विहीर खारी झालेल्या माणसाला १० हजारांत नवी विहीर पाडून देणारा कोणी असेल तर पत्ता कळवावा.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्या ठरवायच्या आहेत. पाणी वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याने पाण्याची, मिठाची आणि जळणाची महिन्याची बेरीज फाटकावर फळा लावून लिहावी. सामायिक केंद्रावर देखरेख करणाऱ्या समितीत खालच्या अंगाचे शेतकरी असावेत, तेही निम्म्याने. आणि खाऱ्या झालेल्या विहिरीची भरपाई दंडाच्या रकमेतून थेट त्या शेतकऱ्याला मिळावी. ती सरकारी तिजोरीत जाऊन आमच्या काही कामाची नाही.

मागण्यांना पुरावा लागतो. औद्योगिक वसाहत, साखर कारखाना किंवा शहराचा नाला यांच्या खालच्या अंगाला ज्यांची विहीर आहे त्या प्रत्येकाने बैठकीला येताना पाण्याची बाटली आणावी. मोटार पंधरा-वीस मिनिटे चालू द्या. एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचीही एक बाटली भरा, नाहीतर तुलना कशाशी करणार? सगळ्या बाटल्या एकदम तपासणीला दिल्या जातील. क्षारांचे प्रमाण आणि सोडियम, दोन्ही तपासायला सांगायचे. नुसता सामू काढून आणू नका. हेच दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा करायचे आहे. चिठ्ठीवर गाव, गट नंबर, तारीख आणि विहिरीची खोली लिहा, आणि पेन्सिलीने लिहा. ओलीने शाई पसरते.